भीतीची गाळणी : भाषेच्या वर्गात मेंदू कसा शिरला?

आज एका वाक्याची गोष्ट सांगते. वाक्य माझंच आहे, म्हणजे तेव्हा मला तसं वाटत होतं.

पीएच.डी.साठी सिनॉप्सिस लिहीत होते. विषय साधारण ठरला होता : मराठी माध्यमातून आलेले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आणि इंग्रजीच्या वर्गातली त्यांची धास्ती. त्याआधी मी एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होते. तिथली एक मुलगी डोक्यातून जात नव्हती. वहीतला परिच्छेद ती बाकावर बसून शेजारणीला वाचून दाखवायची. उभं केलं की मात्र त त प प. एकदा तास संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, घरी येतं. वर्गात उभं राहिलं की जातं." तिच्यासाठीच म्हणून मी सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं : 'मेंदूविज्ञानाने सिद्ध केले आहे की भीती वाटली की अमिग्डाला सक्रिय होतो आणि भाषेचे शिक्षण बंद पडते.'

गाईड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि तीन प्रश्न विचारले. "अगं, कुणी मोजलं? कुणावर मोजलं? कशानं मोजलं?"

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ज्या लेखातून वाक्य घेतलं होतं त्याने ते दुसऱ्या लेखातून घेतलं होतं, दुसऱ्याने तिसऱ्यातून. पुढचे कित्येक आठवडे मी त्या वाक्याचा माग काढत मागे मागे गेले. त्या शोधात जो इतिहास हाती लागला तो तुमच्याही कामाचा आहे, कारण तुम्हीही उद्या सिनॉप्सिस लिहाल आणि 'मेंदूविज्ञानाने सिद्ध केले आहे' हे शब्द तुमच्याही बोटांवर येतील. शिक्षणशास्त्रात सध्या ते फार स्वस्त झालेत.

एकच शहर, एकच साल

गोष्टीची सुरुवात कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये करता येते. साल १९५९. तिथल्या मॅगिल विद्यापीठाच्या परिसरात दोन वेगळ्या खोल्यांत दोन वेगळी कामं चालली होती.

पहिली खोली शस्त्रक्रियेची. वाइल्डर पेनफिल्ड हे नामांकित मेंदूशल्यविशारद. अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना ते रुग्णाला जागं ठेवत, मेंदूच्या पृष्ठभागाला बारीक विद्युतस्पर्श देत आणि रुग्णाचं बोलणं कुठे अडखळतं ते पाहत. कापायचा भाग भाषेचा नाही ना, याची खात्री करण्यासाठी हे चाले. १९५९ मध्ये त्यांनी लामार रॉबर्ट्स यांच्यासोबत वाचा आणि मेंदू यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. शेवटचं प्रकरण मात्र शाळेबद्दल होतं. लहान मुलाच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर बोलणं पुष्कळदा परत येतं, मोठ्यांत ते इतक्या सहज येत नाही. म्हणजे साधारण नऊ ते बारा वर्षांनंतर मेंदू ताठर होत जातो. म्हणून परकी भाषा लवकर शिकवा, असं त्यांचं म्हणणं.

इथे जरा थांबा. निरीक्षण कशाचं होतं? इजा झालेल्या मेंदूत पहिली भाषा परत येण्याचं. शिफारस कशाची झाली? धडधाकट मुलांना शाळेत दुसरी भाषा शिकवण्याची. या दोन काठांमधलं अंतर पेनफिल्डनी एका उडीत पार केलं. उडी चुकीचीच होती असं मी म्हणत नाही. ती उडी होती, एवढंच म्हणते. पुढे १९६७ मध्ये एरिक लेनेबर्ग यांनी 'वयाची मर्यादा' ही कल्पना पौगंडावस्थेपर्यंत नेली आणि जास्त काटेकोरपणे मांडली. पण तेही मुख्यतः पहिल्या भाषेबद्दल बोलत होते. चाळिशीतला माणूस परकी भाषेत संवाद करायला शिकू शकतो, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. उद्धृत करणारे नेमकं तेवढं वाक्य गाळतात.

दुसरी खोली मानसशास्त्राची. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्याच वर्षी एक लेख छापला. मॉन्ट्रिअलमधले इंग्रजी बोलणारे, फ्रेंच शिकणारे अकरावीचे ७५ विद्यार्थी. त्यांना चाचण्या आणि प्रश्नावल्या दिल्या आणि घटक-विश्लेषण केलं. दिसलं असं की फ्रेंचमधलं यश एकट्या भाषिक कुवतीवर अवलंबून नाही. त्या भाषेच्या माणसांबद्दल काय वाटतं, त्यांच्यात मिसळायची इच्छा आहे का, यालाही स्वतंत्र वजन आहे. 'भावना' हा शब्द भाषाशिक्षणाच्या संशोधनात आकड्यांसह आला तो साधारण इथे.

लक्षात घ्या, एका खोलीत मेंदू होता पण वर्ग नव्हता. दुसऱ्या खोलीत वर्ग होता, भावना होत्या, पण मेंदू नव्हता. पुढच्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन खोल्यांमधली भिंत कुणी, कशी आणि किती घाईनं पाडली याची कहाणी आहे. मॉन्ट्रिअलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांनी बालवर्गापासून सगळं फ्रेंचमधून शिकवायचा प्रयोग सुरू करून घेतला, तेव्हा त्यांनी सल्ला या दोन्ही खोल्यांचा घेतला होता : पेनफिल्डचाही आणि लॅम्बर्टचाही.

सत्तरचं दशक : खुर्च्या गोलात मांडल्या गेल्या

सत्तरच्या दशकात वर्गात भावनांची लाट आली. शिकागोचे चार्ल्स करन हे धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी समुपदेशनाची पद्धत भाषावर्गात आणली : विद्यार्थी गोलात बसतात, शिक्षक मागे उभा राहतो, विद्यार्थी आपल्या भाषेत बोलतो आणि शिक्षक हळू आवाजात त्याला नव्या भाषेतलं वाक्य पुरवतो. मोठा माणूस नवी भाषा बोलताना पुन्हा लहान मुलासारखा परावलंबी होतो आणि त्याला त्याची लाज वाटते, हे करन यांचं मूळ निरीक्षण. आपल्याकडे पन्नाशीतल्या काकांना इंग्रजीतून फॉर्म भरताना पाहिलंय ना? तेच.

तिकडे बल्गेरियात सोफियामध्ये मानसोपचारतज्ज्ञ गेओर्गी लोझानोव्ह यांनी आरामखुर्च्या, संथ संगीत आणि शिक्षकाचा आश्वासक आवाज यांवर 'सजेस्टोपीडिया' उभी केली. मेंदूच्या न वापरलेल्या क्षमतेबद्दल त्यांचे दावे अफाट होते. १९७८ मध्ये युनेस्कोच्या पुढाकारानं सोफियात तज्ज्ञांची बैठकही झाली. पुढच्याच वर्षी टॉम स्कोव्हेल यांनी या पद्धतीचं परखड परीक्षण केलं. त्यांचा सूर असा की वर्ग प्रसन्न ठेवणं चांगलंच, पण त्याला विज्ञानाचा झगा घालू नका.

हा झगा पुढे बऱ्याच जणांनी वापरला. दोन मेंदूगोलार्ध वेगळे करावे लागलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं आणि 'डाव्या मेंदूचे विद्यार्थी, उजव्या मेंदूचे विद्यार्थी' अशी वाटणी शिक्षक-प्रशिक्षणात सर्रास सुरू झाली. स्पेरींचे रुग्ण अगदी विशिष्ट शस्त्रक्रिया झालेले, थोडेसे लोक होते. वर्गातल्या मुलांचे गोलार्ध मात्र व्यवस्थित जोडलेले असतात. तरी अजून एखाद्या कार्यशाळेत ती वाटणी तुम्हाला भेटेल.

गाळणी आली

आता माझ्या वाक्याच्या आजोबांकडे येऊ. १९७७ मध्ये हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी 'गाळणी'ची कल्पना मांडली. त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा होता : कानावर पुष्कळ भाषा पडते, पण शिकणारा त्यातली काही घेतो, काही सोडतो. मूल शिक्षकापेक्षा सवंगड्यांसारखं बोलायला लागतं, असं का? म्हणून त्यांनी म्हटलं की मध्ये भावनांची एक गाळणी असावी.

स्टीफन क्रॅशन यांनी ही कल्पना उचलली आणि १९८२ च्या पुस्तकात आपल्या पाच गृहीतकांपैकी एक म्हणून प्रसिद्ध केली. बी.एड.ला तुम्ही ती आकृती काढली असेल. डावीकडून समजण्याजोगी भाषा आत येते, मध्ये गाळणी, पुढे भाषा आत्मसात करणारी यंत्रणा. प्रेरणा कमी, आत्मविश्वास कमी, धास्ती जास्त, की गाळणीची भोकं बारीक होतात आणि भाषा आत पोचत नाही.

आकृती इतकी सोपी आणि शिक्षकाच्या अनुभवाशी इतकी जुळणारी की ती जगभर गेली. तिनं भलंही केलं. मुलांना ओरडून, चारचौघांत चूक दाखवून भाषा येत नाही, हे म्हणायला हजारो शिक्षकांना आधार मिळाला. पण माझ्या गाईडचे तीन प्रश्न आता क्रॅशनना विचारून बघा. गाळणी कुणी मोजली? कुणीच नाही. ती मोजण्याची वस्तूच नव्हती. ते रूपक होतं, चहाच्या गाळणीवरून सुचावं तसं.

टीका लगेच सुरू झाली. १९८४ मध्ये केव्हिन ग्रेग यांनी नेमका मुद्दा पकडला : गाळणी भाषा अडवते असं म्हणता, मग उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्या व्यक्तीचा क्रियापदाला लागणारा एकच प्रत्यय कायम चुकत असेल, तर गाळणीने बाकी सगळं जाऊ दिलं आणि तेवढाच प्रत्यय अडवला का? १९८७ मध्ये बॅरी मॅकलॉफलिन यांनीही विचारलं की ही गाळणी नेमकी काय आणि कसं निवडते. शिवाय पौगंडावस्थेत गाळणी घट्ट होते असं क्रॅशन म्हणत, पण कॅथरिन स्नो आणि मारियान होफ्नागेल-होले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास केला होता, त्यात पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांत वेगानं शिकली ती बारा ते पंधरा वयोगटातली मुलं. ज्यांची गाळणी घट्ट असायला हवी, तीच पुढे.

धास्ती मोजली गेली, आणि भांडण सुरू झालं

रूपकातून मोजमापाकडे जाणारं मोठं पाऊल १९८६ चं. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या एलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोआन कोप यांनी परकी भाषेच्या वर्गातली धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची मोजपट्टी तयार केली. 'अगदी सहमत'पासून 'अजिबात असहमत'पर्यंत पाच पर्याय. त्यांचं म्हणणं असं की ही धास्ती सर्वसाधारण घाबरटपणापेक्षा वेगळी आहे. गणितात चूक झाली तर उत्तर चुकतं. भाषेत चूक झाली तर मीच खुळा दिसतो, कारण स्वतःला मांडायचं साधनच तोकडं पडतं. माझी ती विद्यार्थिनी मला या लेखात पहिल्यांदा नीट दिसली.

पण १९९१ मध्ये रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो यांनी टेबल उलटं फिरवलं. दोघंही वाचन-लेखनातल्या अडचणींच्या अभ्यासातून आलेले. त्यांचा सवाल : धास्तीमुळे भाषा येत नाही, की भाषा येत नाही म्हणून धास्ती वाटते? ज्यांना परकी भाषा जड जाते त्यांच्या मातृभाषेतल्या ध्वनी, अक्षर, वाक्यरचना या कौशल्यांतही बारीक अडचणी असतात, आणि धास्ती हा बहुतेकदा परिणाम असतो, असं त्यांनी मांडलं.

हे वाचलं तेव्हा मी खरंच हादरले. माझ्या सगळ्या प्रबंधाचा बाण धास्तीकडून अपयशाकडे जात होता. तो उलटाही जाऊ शकतो हे मला सुचलंच नव्हतं.

बाणाची दिशा ठरवायची तर प्रयोग हवा. तो पीटर मॅकिंटायर आणि गार्डनर (हो, १९५९ चेच गार्डनर) यांनी १९९४ मध्ये छापला. ७२ विद्यार्थी संगणकावर फ्रेंच शब्द शिकत होते. त्यांचे गट पाडले आणि वेगवेगळ्या गटांसमोर वेगवेगळ्या टप्प्यावर व्हिडिओ कॅमेरा आणून ठेवला. एका गटासमोर मात्र कॅमेरा आणलाच नाही. कॅमेरा आला की धास्ती वाढली आणि त्या टप्प्यावरची कामगिरी घसरली. पुढे धास्ती ओसरली तसे विद्यार्थी बऱ्याच अंशी सावरले. इथे धास्ती आधी आणि घसरण नंतर, हे संशोधकांनी स्वतः घडवून पाहिलं होतं. एलेन हॉर्विट्झ यांनीही दाखवून दिलं की उत्तम भाषा येणारे, अगदी परकी भाषेचे शिक्षकसुद्धा या धास्तीतून सुटत नाहीत. म्हणजे धास्ती ही फक्त कच्चेपणाची सावली नाही.

मग कोण बरोबर? दोघंही, आपापल्या पुराव्यापुरते. बाण दोन्हीकडे जातो. कच्चेपणा धास्ती आणतो, धास्ती सराव चुकवते, सराव चुकला की कच्चेपणा वाढतो. आणि बघा, या सगळ्या भांडणात मेंदूचा फोटो कुणी एकदाही काढला नव्हता.

गाळणीला पत्ता मिळाला

तो मेंदू आला शेजारच्या शास्त्रातून. जोसेफ लडू हे उंदरांवर काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ. एक आवाज ऐकवायचा, लगेच सौम्य विजेचा धक्का द्यायचा. काही वेळानं नुसत्या आवाजानेही उंदीर जागच्या जागी थिजतो. हे शिकण्यात मेंदूतल्या बदामाएवढ्या अमिग्डाला या भागाची भूमिका कळीची आहे, हे त्यांनी बारकाईनं दाखवलं. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांनी भावनिक बुद्धिमत्तेवरच्या लोकप्रिय पुस्तकात हेच काम वापरून 'अमिग्डाला मेंदूचं अपहरण करतो' अशी प्रतिमा लोकांसमोर ठेवली. लडूंचं स्वतःचं पुस्तक १९९६ चं.

आता तुकडे जुळताना बघा. क्रॅशनची गाळणी बिनपत्त्याची होती. लडूंच्या अमिग्डालाला पत्ता होता, पण तो उंदराच्या डोक्यातला, आणि तिथे भाषा नव्हती. शिक्षकांसाठीच्या पुस्तकांनी दोन्ही एकत्र केलं : गाळणी म्हणजेच अमिग्डाला! रूपकाला शरीर मिळालं, 'असावी' चं 'आहे' झालं आणि माझं ते वाक्य जन्माला आलं. तीन वेगळ्या क्षेत्रांच्या शिवणीतून तयार झालेलं. एकाही क्षेत्रानं ते स्वतःहून म्हटलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे मेंदूशास्त्रातला पुरावाच या वाक्याला टोचतो. लॅरी कॅहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की भावना चाळवणारी दृश्यं पाहताना अमिग्डाला जितका जास्त सक्रिय, तितकी ती दृश्यं पुढे जास्त आठवतात. म्हणजे अमिग्डाला सक्रिय झाला की शिकणं बंद, हे सरसकट खोटं. कधी कधी नेमकं उलट. २०१३ मध्ये तर दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन व्यक्तींना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिल्यावर त्यांनाही जबर घबराट झाली, हे नोंदवलं गेलं. 'भीतीचं केंद्र' नसतानाही भीती! आणि स्वतः लडूंनी २०१५ च्या पुस्तकात आग्रहानं लिहिलं की धोक्याला शरीर देत असलेला प्रतिसाद आणि आपल्याला 'वाटणारी' भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अमिग्डालाला भीतीचं केंद्र म्हणणं थांबवा. ज्यांचं नाव पुढे करून आपण वाक्य लिहितो, तेच त्या वाक्यावर काट मारत होते.

मग पूल कुणी बांधलाच नाही का?

बांधायचा प्रामाणिक प्रयत्न झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉन शुमान यांनी १९९७ मध्ये भाषा आणि भावनांचं मेंदूशास्त्र यावर पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी अशी : समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीचं मेंदू मूल्यमापन करत असतो. नवीन आहे का, सुखद आहे का, माझ्या ध्येयाला उपयोगी आहे का, मला झेपेल का, चारचौघांत माझी शोभा होईल का? या निवाड्यांवर शिकणाऱ्याची पुढची चिकाटी ठरते. आणि पुरावा कोणता, तर प्रश्नावल्या आणि भाषा शिकणाऱ्यांची आत्मकथनं. मेंदूशास्त्र हे त्यांनी अर्थ लावण्याची चौकट म्हणून वापरलं, मोजमाप म्हणून नाही, आणि वाचकाला ते स्पष्ट दिसतं. मला या पुस्तकातून संशोधकाची सभ्यता काय असते ते कळलं.

त्याच १९९७ मध्ये जॉन ब्रूअर यांनी एक लेख लिहिला जो तुम्ही प्रत्येकानं वाचायलाच हवा. त्यांचा सल्ला : पेशींच्या पातळीवरच्या मेंदूशास्त्रातून थेट वर्गात उडी मारू नका, तो पूल फार लांबचा आहे. मध्ये एक खांब आहे, बोधात्मक मानसशास्त्र, म्हणजे लक्ष, स्मृती, आकलन यांचा अभ्यास. वर्गाकडून तिथे या, मग तिथून मेंदूकडे जा.

आणि दुसऱ्या बाजूनं हेही खरं की भावना आणि विचार वेगळे ठेवता येत नाहीत. मेरी हेलन इमॉर्डिनो-यँग आणि अंतोनियो दमासिओ यांनी २००७ मध्ये हे शिक्षणाच्या संदर्भात मांडलं. मेंदूच्या काही इजांनंतर तर्क शाबूत राहतो, पण भावनांचा आधार तुटल्यामुळे माणूस रोजच्या आयुष्यात भलतेच निर्णय घेतो, हा त्यांचा आधार. तेव्हा 'मेंदूविज्ञान वर्गात निरुपयोगी' असं म्हणून मोकळं व्हायलाही जागा नाही.

अलीकडे चित्र आणखी भरलं आहे. २०१४ मध्ये जाँ-मार्क दवाल आणि मॅकिंटायर यांनी जगभरातल्या १,७४६ भाषा शिकणाऱ्यांकडून उत्तरं घेतली. धास्ती आणि आनंद ही एकाच काठीची दोन टोकं नाहीत, असं त्यात दिसलं. एकाच तासाला एकाच मुलीला दोन्ही वाटू शकतं. म्हणजे धास्ती काढली की आनंद आपोआप येईल असं नाही, तो वेगळा पेरावा लागतो. आणि २०१९ मध्ये यासर तैमूरी आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. धास्ती आणि भाषेतलं यश यांचा सरासरी सहसंबंध निघाला उणे ०.३६. सांख्यिकी शिकलेल्यांनी वर्ग करून बघा : साधारण ०.१३. यशातल्या फरकांपैकी सुमारे तेरा टक्के फरक धास्तीसोबत हलतो. हे कमी नाही. पण 'शिक्षण बंद पडते' यापासून ते फार लांब आहे. आणि सहसंबंध बाणाची दिशा सांगत नाही, हे पहिल्याच धड्यात असतं.

त्या मुलीचं काय?

हे सगळं वाचून झाल्यावर मी तिला पुन्हा भेटले. एका रिकाम्या वर्गात, मार्क नाहीत, प्रेक्षक नाहीत, फक्त आम्ही दोघी. तोच परिच्छेद वाचायला दिला. अर्ध्याहून जास्त अडथळे गायब. म्हणजे धास्ती खरी होती. पण काही शब्दांवर ती तिथेही अडली, दर वेळी त्याच प्रकारच्या शब्दांवर, जिथे इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचं जमत नाही. देवनागरीत अक्षर पाहिलं की आवाज बहुतेकदा हाती येतो. इंग्रजीत तसं नाही, आणि ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. शेजारणीला वाचून दाखवताना तिनं ते पाठ केलेलं असायचं.

इथे मला माझ्या त्या वाक्याची खरी किंमत कळली. मी त्यावर विश्वास ठेवून थांबले असते, तर तिला वर्षभर धीर दिला असता, "घाबरू नकोस गं" म्हटलं असतं, आणि जे शिकवायला हवं होतं ते शिकवलंच नसतं. उलट फक्त स्पार्क्स-गॅन्शो वाचले असते, तर उच्चारांचे तक्ते दिले असते आणि पुन्हा सगळ्यांसमोर उभं केलं असतं. चुकीचं वाक्य प्रबंधात राहिलं तर परीक्षक एक शेरा मारतो. वर्गात राहिलं तर ते कुणाचं तरी वर्ष खातं.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : 'परकी भाषेच्या वर्गातील धास्ती आणि भाषेतील यश यांत मध्यम ऋण सहसंबंध आढळतो, कार्यकारणसंबंध दोन्ही दिशांनी संभवतो, त्यामागील मेंदूतील प्रक्रियांचा थेट अभ्यास प्रस्तुत संशोधनाच्या कक्षेत नाही.' दिसायला अगदीच सपक. गाईड मॅडमनी वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

तुमच्यासाठी

या सगळ्यातून मी चार सवयी लावून घेतल्या. तुम्हीही लावून बघा.

१. 'सिद्ध झाले आहे' दिसलं की मूळ लेखापर्यंत जा. लेखाचा सारांश वाचून परत फिरू नका, पद्धतीचा भाग वाचा. कुणी, कुणावर, कशानं.

२. समोर आहे ते रूपक आहे की यंत्रणा, हे ओळखा. गाळणी, अपहरण, ताठर मेंदू. रूपक वापरायला हरकत नाही, पण त्याला पुराव्याच्या खुर्चीत बसवू नका.

३. कुठून कुठे उडी मारली गेली ते मोजा. उंदराकडून माणसाकडे, रुग्णाकडून धडधाकट मुलाकडे, पहिल्या भाषेकडून दुसरीकडे. प्रत्येक उडीला वेगळा पुरावा लागतो.

४. बाण उलटा करून पाहा. तुमचं गृहीतक उलटं लिहून एक पूर्ण दिवस ते खरं मानून जगा.

आणि हा गृहपाठ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला परिच्छेद ४.१२ काढा. दोन ते आठ या वयात मुलं भाषा फार झपाट्यानं आत्मसात करतात असं संशोधन स्पष्ट दाखवतं, अशा अर्थाचं विधान त्यात आहे. पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर २०२५ मध्ये आपल्याकडे केवढा वाद झाला ते तुम्ही पाहिलंच आहे. वादात तुम्ही कोणत्या बाजूला आहात हे मी विचारत नाही. फक्त ते विधान घ्या, मॉन्ट्रिअलच्या त्या दोन खोल्या आणि नेदरलँड्समधली ती मुलं आठवा, आणि पेन्सिल हातात धरून तीन प्रश्न विचारा. कुणी मोजलं? कुणावर? कशानं?

उत्तरं कमेंटमध्ये लिहा. मी वाचते आहे.